ट्रंक लाइन लावताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की पेढ्यांवरचे फोन थांबत नाहीत. परगावच्या खरेदीदाराला तुमचा नंबर एंगेज लागला, तर तो शेजारच्या पेढीला फोन लावतो. मग मालक आणखी एक ट्रंक लाइन, म्हणजे टेलिफोन कंपनीकडून पेढीच्या मशीनपर्यंत येणारी लाइन, घेतात. पण बहुतेक वेळा लाइन कमी नसतात, त्यांची मांडणी चुकलेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाटीवर आणि बिलावर छापलेला नंबर पहिल्या लाइनचा, आणि ईपीएबीएक्स (या लाइन पेढीतल्या फोनना जोडणारं मशीन) बाहेर जाणारे कॉलही आधी त्याच लाइनवरून काढतो. दिवाणजी वाहतूकदाराशी बोलत बसले, की छापलेला नंबर अडकला. टेलिफोन कंपनीकडून लाइनना हंटिंग लावून घ्या, म्हणजे पहिली अडकली तर कॉल दुसरीवर, मग तिसरीवर येतो. बाहेरच्या कॉलसाठी मशीनमध्ये उलटा क्रम द्या: चार लाइन असतील तर आधी चौथी, मग तिसरी. पहिली लाइन बाहेरच्या कॉलला देऊच नका, असं माझं ठाम मत आहे.

हंटिंगमधली एखादी लाइन मुकी पडली तर समोरच्याला नुसती रिंग ऐकू येऊ शकते आणि इथे कोणाला पत्ताच नसतो. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक लाइन मशीनमधून काढून साधा फोन जोडून बघा. डायल टोन आला तर दोष मशीनच्या बाजूचा, नाही आला तर कंपनीकडे तक्रार करा.

समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन सुटत नाही? मशीनमध्ये देश 'भारत' निवडलाय का ते पाहा. आपला बिझी टोन 400 हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. परदेशी सेटिंग असलं तर मशीन तो ओळखत नाही आणि कॉल संपल्याचं त्याला कळत नाही.

लँडलाइनवरून मोबाइल लावताना 15 जानेवारी 2021 पासून आधी शून्य लागतं. बाहेरची लाइन घेण्याचा कोडही शून्यच असेल, तर शून्य दोनदा दाबायला हवं. नवीन माणसाला हे आधीच सांगा.

सिप ट्रंकवर, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या लाइनवर, एका बाजूचाच आवाज येत असेल तर राउटरमधलं 'सिप एएलजी' हे सेटिंग बंद करून पाहा. जी.711 या कोडेकला (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीला) एका कॉलमागे दोन्ही दिशांना प्रत्येकी साधारण 90 केबीपीएस इंटरनेट वेग लागतो. सीसीटीव्हीही त्याच इंटरनेटवर असेल तर आवाजाला प्राधान्य द्या. मशीनबरोबर आलेला मूळ पासवर्ड ते बसवल्याच दिवशी बदला आणि गरज नसेल तर आयएसडी बंद ठेवा, नाहीतर रात्रीतून कोणीतरी तुमच्या खर्चाने परदेशी बोलेल.

कृष्णेकाठच्या गाळ्यांत मशीन जमिनीलगत बसवू नका. 2019 चा पूर आठवा आणि ते माळ्यावर न्या. अर्थिंग मात्र तिथेही स्वतंत्र आणि पक्कं हवं.