आजी-आजोबांचा बूस्टर: तारीख ठरवण्याआधी

साठीपुढच्यांना कोविड लशीचा बूस्टर, म्हणजे दोन डोसांनंतरचा जादा डोस, द्यायचा का, हे ओट्यावरच्या गप्पांत ठरवू नका. कोविनचं प्रमाणपत्र आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. दुसऱ्या डोसनंतरचं अंतर आधी 9 महिने होतं, जुलै 2022 मध्ये ते 6 महिन्यांवर आलं. कोविड होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर 3 महिने थांबा, असं सरकारी सूचनेत होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर टोचण्याआधीच सांगा. सुई काढल्यावर ती जागा किमान दोन मिनिटं दाबून धरावी लागते, चोळायची नाही. रावेर-चोपड्याहून जळगावला यायचं तर लस आहे का, हे आधी फोनवर विचारा. उन्हाळ्यात सकाळीच उरका. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या दिवशी मात्र नको: लेकी माहेरी यायच्या आणि आजी तापाने पडलेली!