ब्रेक बॅलन्स शिकायचाय? आधी कुठलं चाक जाम होतं ते बघायला शिका

ऑटोमोबाईल डिप्लोमा करून नवीन लागलेली पोरं मला एकच प्रश्न विचारतात, मॉडिफाय गाडीचा ब्रेक बॅलन्स, म्हणजे ब्रेकचा जोर पुढच्या नि मागच्या चाकांत कसा वाटायचा, तो कसा सेट करायचा, मागचं प्रेशर कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हचा नॉब किती फिरवायचा. मी तुर्भे एमआयडीसीत सात वर्षं हेच काम करतोय आणि मनापासून सांगतो, नॉबला हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी येते.

माझं दुसरं वर्ष होतं. एक जुनी हॅचबॅक आली, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली, मालकाने ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मोकळ्या जागेत शंकू लावून केलेल्या वेळेच्या शर्यतीसाठी, छोट्या स्प्रिंग टाकून खाली बसवलेली, मागची सीट आणि स्टेपनी काढलेली. तक्रार एकच, जोरात ब्रेक मारला की गाडी मागून फिरते. रविवारी सकाळी एका बंद कंपनीच्या आवारात, रीतसर परवानगी घेऊन, चाळीसच्या स्पीडला ब्रेक दाबला तर गाडी खरंच आडवी होऊन थांबली, माझे हात थरथरत होते. मग आम्ही पुढचे पॅड बदलले, मागचे ड्रम उघडून लायनर साफ केले, लाइनमधली हवा काढली, दोन रविवार गेले आणि फरक काहीच नाही. शेवटी आमचे मोठे मिस्त्री, काकाच म्हणतो आम्ही त्यांना, गाडीखाली शिरले, मागच्या ॲक्सलजवळच्या व्हॉल्व्हचा दांडा बोटाने हलवला आणि मला म्हणाले, "इकडे ये, बघ. गाडी रिकामी आहे, पण ह्याला वाटतंय मागे तीन माणसं बसलीयेत."

तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. मागे वजन आलं की बॉडी ॲक्सलच्या जवळ येते, दांडा सरकतो आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. गाडी खाली बसवली म्हणजे बॉडी कायमचीच जवळ आली, आणि वर मागचं वजन काढून टाकलेलं, म्हणजे टायरवर भार कमी नि ब्रेक जास्त, मग मागची चाकं आधी जाम होणारच ना! पुढची आधी जाम झाली तर स्टेअरिंग ऐकत नाही पण गाडी सरळ तरी जाते, मागची आधी झाली तर फिरते. म्हणून पुढची जराशी आधी जाम व्हायला हवीत, हे डोक्यात पक्कं बसवा.

कॉलेजात शिकलेलं गणित इथे खरंच कामाला येतं. समजा गाडी १००० किलोची, उभी असताना पुढे ६०० मागे ४००, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २.४ मीटर, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर. कोरड्या रस्त्यावर ०.८ जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) ब्रेक लागला तर साधारण १६७ किलो भार पुढे सरकतो, मागे उरतात फक्त २३३. ओल्या रस्त्यावर ०.५ जी च मिळालं तर १०४ च सरकतात, मागे २९६ राहतात. म्हणजे पावसात मागची चाकं ब्रेकचा जास्त वाटा उचलू शकतात. आता विचार करा, जुलैत ओल्या काँक्रीटवर मागचा ब्रेक वाढवून मस्त सेट केलेली गाडी ऑक्टोबरच्या कोरड्या रस्त्यावर काय करेल? मागून फिरेल. आपल्या नवी मुंबईत चार महिने रस्ता ओला नि बाकी वेळ कोरडा असतो, त्यामुळे रस्त्यावर चालणारी गाडी कायम कोरड्यातच सेट करायची, मग पावसात पुढची थोडी लवकर जाम होतील, ते परवडतं.

बघायचं कसं, तर टायरच्या बाजूला खडूने जाड रेघ मारायची, मित्राला सुरक्षित अंतरावर बाजूला उभं करून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगायचं, आणि ३० पासून हळूहळू स्पीड वाढवत जायचं. रेघ फिरायची थांबली की ते चाक जाम. एका वेळी एकच बदल करायचा, टायरची हवा दर वेळी तीच ठेवायची, सगळं वहीत लिहायचं. आणि त्याआधी ब्रेक ऑइल नवीन हवं, डॉट ४ प्रतीचं ऑइल नवीन असताना किमान २३० अंशांना उकळतं पण पाणी शोषलं की तो आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो, खाडीकाठच्या दमट हवेत हे विसरून चालत नाही.

ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह टाकायचाच असेल तर तो फक्त मागच्या लाइनला, पुढच्या लाइनला कधीही नाही. आणि बऱ्याच फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅकमध्ये सर्किट तिरपं असतं, एक पुढचं चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं, तिथे एकाच मागच्या लाइनला व्हॉल्व्ह टाकला तर डावी-उजवीत फरक पडून गाडी एका बाजूला ओढेल. एबीएस-ईबीडी (पुढे-मागे ब्रेकचा जोर आपोआप वाटणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हा उद्योग करूच नका, तिथे मागचं प्रेशर कंप्युटर सांभाळतो. रस्त्यावरच्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं, गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ पण लागू होतं, ते गिऱ्हाईकाला आधीच सांगायचं. फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी रेसिंग कार बनवायची स्पर्धा) टीममध्ये असाल तर तुमच्याकडे पुढच्या-मागच्या ब्रेकला प्रेशर देणारे दोन मास्टर सिलिंडर आणि पेडलचा जोर त्या दोघांत वाटणारा बायस बार असेल. बारमधलं बेअरिंग ज्या क्लेविसकडे (सिलिंडरच्या दांड्याला जोडणारा तुकडा) सरकवाल त्याला जास्त जोर मिळतो, आणि एक सर्किट मुद्दाम उघडं ठेवून पेडल दाबून बघा, बार अडकता कामा नये.

त्या हॅचबॅकला शेवटी नवीन व्हॉल्व्ह लागलाच नाही. काकांनी ब्रॅकेट बदलून दांडा रिकाम्या गाडीच्या मूळ कोनावर आणला आणि तिसऱ्या रविवारी आम्ही परत ५० ला ब्रेक मारला. व्हिडिओत पुढच्या टायरची रेघ थांबली, मागची अजून अर्धा फेरा फिरली, आणि गाडी सरळ उभी राहिली.