महागडा नवा बेस आला का? वाजवत बसण्याआधी एवढं तपासून घ्या

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला आता बऱ्याच पोरांच्या हातात चांगले बेस गिटार दिसायला लागलेत, कोणी ऑर्केस्ट्रात वाजवतं, कोणी अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला, आणि लाख-सव्वा लाखाचा बेस दुकानात जाऊन हातात घेऊन बघायची सोय इकडे नाही म्हणून सगळे ऑनलाइनच मागवतात. मग खोकं फोडलं, फोटो टाकला, त्याच रात्री प्रोग्रामला नेला, आणि महिन्याभराने कळतं की अमुक फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, सूरच लागत नाही, तोवर परत करायची मुदत संपलेली असते. हे होऊ नये म्हणून लिहितोय.

किंमत जास्त आहे म्हणजे आत काही वाकडं नसेल हा समज आधी काढून टाका. महागात लाकूड चांगलं मिळतं, पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) चांगले मिळतात, पण फ्रेट नीट बसलाय का, नेकचा, म्हणजे दांड्याचा, जोड घट्ट आहे का, हे प्रत्येक नगावर वेगळं असतं. आणि एक फरक डोक्यात पक्का ठेवा. काही गडबडी चावीने, स्क्रूड्रायव्हरने सुटतात, तारा उंच आहेत, बाराव्या फ्रेटला सूर थोडा चढतोय, पिकअप एका बाजूला खाली आहे, हे सगळं सेटअपचं काम. काही गडबडी लाकडात, फ्रेटमध्ये, जोडात असतात, त्या कुठल्याच चावीने जात नाहीत, तो बनावटीचा दोष. सेटअपसाठी बेस परत पाठवू नका, आणि दोषाला कोणी सेटअप म्हणत असेल तर ऐकून घेऊ नका. विकणारा बहुतेक वेळा दोष सेटअपच्या खात्यात ढकलायला बघतो, म्हणून ही तपासणी तुम्हालाच करता आली पाहिजे.

खोकं आलं की कुरियरवाल्यासमोरच बाहेरून चारही बाजू बघा, कोपरा चेपला असेल तर फोटो काढा आणि सही करताना पावतीवर तसं लिहा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता एका दमात घ्या, त्यात लेबल आणि बेसचा सिरीयल नंबर स्पष्ट दिसू द्या. फक्त मे महिन्यात एक काळजी घ्या, पारा ४४-४५ वर असताना तो बेस दिवसभर बंद गाडीत तापत आलेला असतो, त्याला तसाच एसीच्या किंवा कूलरच्या तोंडासमोर धरू नका. केसमध्येच सावलीत काही तास पडू द्या, घराच्या हवेला आला की मग पुढचं बघा. एकदम गार-गरम झालं की फिनिशला, म्हणजे वरच्या पॉलिशला, बारीक तडे जातात आणि मग ते आधीचे की तुमचे यावर वाद होतो.

आता आधी ट्युनिंग. ई, ए, डी, जी या चारही तारा (ई सगळ्यात जाड, जी सगळ्यात बारीक) पूर्ण सुरात आणल्याशिवाय एकही माप घेऊ नका, कारण सुरात असताना चार तारांचा मिळून ताण पाऊण क्विंटलच्या आसपास जातो आणि नेक त्या ताणावरच आपला खरा आकार घेतं. ढिल्या तारांवर घेतलेलं माप फुकट. सुरात आणून तासभर ठेवा, परत सूर तपासा, मग सुरू करा.

पहिलं डोळ्यांनी. बेस कडेवर धरून हेडच्या (ट्युनिंगच्या चाव्यांच्या) बाजूने नेकवरून ब्रिजकडे, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात तिकडे, बघा, उजेड समोरून येऊ द्या. जवळचा फ्रेट आणि लांबचा फ्रेट एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. एक इकडे कललाय आणि एक तिकडे असं दिसलं तर नेक पिळलेलं आहे, आणि पिळलेलं नेक हा सरळ परत पाठवण्याचा मामला आहे, त्यावर पुढे डोकं लावू नका. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, नेकला पुढे-मागे वाकवतो, पीळ काढत नाही.

पीळ नसेल तर नेकचा बाक मोजा. ई तार पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून दाबा, दुसऱ्या हाताने जिथे नेक बॉडीला मिळतं तिथल्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तारेखाली किती फट राहते ते बघा. साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर असेल तर झकास. हे मोजायला ऑनलाइन महागडं टूल घ्यायची गरज नाही, गल्लीतल्या बाईक मेकॅनिककडे टॅपेट सेटिंगचं फिलर गेज असतं, तेच चालतं, फक्त ऑइल पुसून घ्या. फट जास्त-कमी असली तरी घाबरू नका, तो ट्रस रॉडचा विषय आहे. पण नवा बेस आहे, म्हणून आधी विकणाऱ्याला लिहून विचारा की मी ट्रस रॉड फिरवला तर वॉरंटीला काही होतं का, आणि काही होत नाही म्हटला तर मापाची बरोबर चावी घेऊन पाव फेराच फिरवा, सूर परत लावा, थांबा, मोजा. ट्रस रॉडचा नट फिरतच नाही, किंवा फिरतोय पण नेकवर काडीचा फरक पडत नाही, किंवा कारखान्यातूनच शेवटापर्यंत आवळून आलाय आणि तरी नेक धनुष्यासारखं वाकलेलं आहे, यातलं काहीही असेल तर तो दोष. जोर लावून बघू नका, तुटला तर तो तुमच्या नावावर लागतो.

मग वरून बघा तारा कशा जातायत. शेवटच्या फ्रेटांपाशी ई तारेचं वरच्या काठापासूनचं अंतर आणि जी तारेचं खालच्या काठापासूनचं अंतर जवळपास सारखं पाहिजे. जी तार काठाला चिकटून जात असेल तर वाजवताना ती फ्रेटवरून खाली घसरते. बोल्टने जोडलेलं नेक असेल तर कधी कधी स्क्रू थोडे ढिले करून नेक सरकवता येतं, पण नेकच्या खाचेत एका बाजूला व्हिजिटिंग कार्ड आरपार जाईल एवढी फट असेल तर एवढ्या पैशात ती का घ्यायची? चिकटवलेलं किंवा बॉडीतून आरपार गेलेलं नेक असेल तर सरकवायचा प्रश्नच नाही, परत.

आता फ्रेट. खरे दोष सगळ्यात जास्त इथे सापडतात आणि लोक घाईही इथेच करतात. अ‍ॅम्प न लावता, शांत खोलीत, पंखा बंद करून, प्रत्येक तारेवर पहिल्यापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत एक-एक सूर मध्यम जोराने वाजवा आणि पूर्ण विरेपर्यंत ऐका. कुठे चर्र होतंय, कुठे सूर लवकर मरतोय, ते कागदावर लिहीत जा, तार आणि फ्रेट नंबर. सगळ्या नेकवर थोडी थोडी चर्र असेल तर बाक किंवा तारांची उंची, म्हणजे सेटअप. एकाच जागी चर्र आणि आजूबाजूला साफ, तर त्याच्या पुढचा, बॉडीकडचा, फ्रेट उंच आहे असं समजा. खात्री करायला एटीएम कार्डाची लांब कड लागोपाठच्या तीन फ्रेटांवर उभी ठेवा, मधला उंच असेल तर कार्ड सी-सॉसारखं टकटक हलतं. वर जाल तसं फ्रेट जवळ येतात, तिथे कार्डाची आखूड कड वापरा म्हणजे चौथ्या फ्रेटला टेकणार नाही.

माझ्या पाच तारी बेसमध्ये असंच निघालं होतं. जी तारेवर तेरावा फ्रेट दाबला की जी शार्प यायला पाहिजे, ट्युनर ए दाखवत होता, म्हणजे तार तेराव्यावर टेकतच नव्हती, चौदाव्यावरच टेकत होती. ड्रमवाला शेजारी बसलेला, तो म्हणे काय व्हयनं रे भाऊ, परत परत तेच काय वाजवतोस. मोबाईलचा टॉर्च आडवा धरला तर चौदाव्या फ्रेटचं जी बाजूचं टोक लाकडातून वर आलेलं, खाली केसाएवढी काळी रेघ, आणि त्या फटीत एसटीच्या तिकिटाचा कागद आरामात आत सरकत होता. लाकडी काडीने टोक दाबलं की फ्रेट खाली बसायचा आणि सोडला की परत वर, दाबून धरलं तेवढ्यापुरता तेराव्याचा सूर बरोबर. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे नवीन आहे ना भाऊ, लाकूड आहे, वाजवून वाजवून बसेल. फ्रेट वाजवून बसत नसतो. तो फ्रेट दाबल्यावर आणि सोडल्यावर असे दोन्ही व्हिडिओ ट्युनरसकट पाठवले तेव्हाच बदलून द्यायला तयार झाले. म्हणून सांगतो, नुसतं “आवाज येतोय” लिहू नका, दोष हलताना दाखवा.

फ्रेटची टोकं हाताला टोचतात का हेही बघा, पण इथे आपल्या हवेचा हिशोब धरा. मार्च ते मे खान्देशात हवा इतकी कोरडी असते की फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि धातूचा फ्रेट तेवढाच राहतो, म्हणून टोकं बाहेर येतात. सगळ्या नेकवर सारखं, बारीक टोचत असेल तर ते हवेचं, चांगला रिपेअरवाला घासून देतो. दोन-चारच टोकं धारदार असतील किंवा टोकाशी लाकूड चिरलेलं असेल तर फिनिशिंगच कच्चं आहे. सराफाकडे ओळख असेल तर, आणि जळगावात ती नसलेला माणूस सापडायचा नाही, त्याचं भिंग मागून आणा, फ्रेटची टोकं आणि नेकच्या जोडाजवळची फिनिश त्यातून बघा, फिनिशचा वरवरचा तडा आणि लाकडात गेलेली चीर यातला फरक साध्या डोळ्यांना कळत नाही.

नट, म्हणजे हेडजवळची तारांच्या खाचांची पट्टी, पटकन तपासून होतो. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा, पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट राहिली पाहिजे. अजिबात नसेल आणि मोकळी तार चरचरत असेल तर खाच जास्त खोल गेलीय, नट बदलावा लागतो आणि तो खर्च तुमचा नाही.

इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर येतो का, हे बघताना लोक फक्त ट्युनर बघतात, ब्रिज बघत नाहीत. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि बाराव्या फ्रेटला दाबलेला सूर एक आला पाहिजे. दाबलेला चढत असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरत असेल तर पुढे, एवढं सोपं. पण सॅडल पूर्ण मागे गेलं, स्क्रू संपला आणि तरी सूर चढतोच आहे, तर ब्रिज चुकीच्या जागी बसवलाय. नवी तार टाकून एकदा परत बघा, कारण खराब तारही असं करते. मग मोजपट्टी लावा. ३४ इंच स्केलच्या बेसवर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत १७ इंच, म्हणजे जवळपास ४३२ मिलिमीटर, आणि बाराव्यापासून सॅडलपर्यंत त्याहून थोडं जास्त, ई तारेला सगळ्यात जास्त. सॅडल मागेपर्यंत नेऊनही ४३२ च्या आतच राहत असेल तर वाद संपला, फोटो काढा.

जी तारेवर पाच ते सात फ्रेटच्या आसपास एखादा सूर बाकीच्यांपेक्षा लवकर विरतो, त्याला डेड स्पॉट म्हणतात. हे चांगल्या चांगल्या बेसवर असतं, नेकच तेवढ्या कंपनावर हलतं आणि तारेची ताकद खातं. हा दोष म्हणून भांडू नका, कंपनी मान्य करणार नाही. पण तुमची अर्धी गाणी सी आणि डी वर असतील आणि तो सूर पाकच मरत असेल तर परतीच्या मुदतीत पसंत नाही म्हणून परत करा, तेवढा हक्क विकणाऱ्याच्या पॉलिसीत आहे का ते घ्यायच्या आधीच वाचून ठेवा.

इलेक्ट्रॉनिक्स तपासताना आपल्याकडची लाईट आधी संशयाखाली घ्या. कितीतरी घरात अर्थिंग नावालाच असतं, त्यात साधा इन्व्हर्टर चालू असेल तर घुंईऽऽ येणारच आणि त्यात बेसची काही चूक नाही. बॅटरीवर चालणारा छोटा हेडफोन अ‍ॅम्प लावा, ट्यूबलाईट आणि चार्जरपासून लांब बसा. तिथेही घरघर असेल तर बेस बघायचा. मल्टिमीटर असेल तर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक ब्रिजला, एक टोक जॅकच्या बाहेरच्या धातूला, बीप आला पाहिजे, नाही आला तर ग्राउंडची वायर सुटलीय. नॉब हळू फिरवून खरखर ऐका, जॅकमध्ये वायर हलवून बघा, प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकं टकटक करा, दोन्हींचा आवाज आला पाहिजे. अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर आधी ९ व्होल्टची नवी बॅटरी टाका, खोक्यातून आलेली बॅटरी अर्धमेली असते आणि फाटका आवाज देते. आणि मेन लाईटवरच्या अ‍ॅम्पला लावून तारांना हात लावल्यावर झटका बसला तर सगळं तिथेच बंद करा, वायरमनला बोलवा, ते बेसचं दुखणं नाही आणि जिवावर बेततं.

दोष सापडला की त्याच दिवशी कळवा, फोनवर बोललात तरी ईमेल पाठवाच. बिल नंबर, सिरीयल नंबर, कुठल्या तारेला कुठल्या फ्रेटला काय होतंय, माप किती आलं, आणि तुम्हाला काय पाहिजे, बदलून की पैसे, हे स्पष्ट लिहा. “जवळच्या माणसाकडून दुरुस्त करून घ्या, आम्ही हजार-दोन हजार देतो” असं आलं तर एकदम हो म्हणू नका. फ्रेटचं काम करणारे चांगले हात नाशिक, पुणे, मुंबईकडे, जाणं-येणं तुमचं, आणि एकदा बाहेरच्याने घासलं की कंपनी वॉरंटीतून हात झटकते. सुताराकडे तर अजिबात नेऊ नका. टोलवाटोलवी सुरू झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विकणारा दिल्लीचा असो की बंगळुरूचा. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. ईमेलमध्ये हे एक वाक्य आदराने लिहिलं तरी बऱ्याच ठिकाणी काम हलतं.

परत पाठवताना तारा थोड्या ढिल्या करा पण पूर्ण काढू नका, हेडखाली आणि नेकखाली दोन्हीकडे आधार द्या, मूळ खोकं वापरा, बंद करतानाचाही व्हिडिओ घ्या. आणि बदली बेस आला की जुन्याचा दोष जिथे होता ती जागा सगळ्यात आधी तपासा, एकाच लॉटमधला असू शकतो, मग बाकी सगळं परत पहिल्यापासून.