खारं पाणी, तीन माती आणि न नोंदवलेला पीएच

संशोधनाला लागले तेव्हा विषय ऐकायला अगदी सोपा वाटला. रेताड, पोयट्याची आणि चिकण अशा तीन माती घ्यायच्या, पाण्यात मीठ वाढवत न्यायचं आणि कोणती माती किती कॅडमिअम आणि शिसं धरून ठेवते ते बघायचं. दोन ग्रॅम माती, चाळीस मिली द्रावण, चोवीस तास शेकरवर, मग सेंट्रिफ्यूज, गाळणं आणि एएएसवर (द्रावणातला धातू मोजणारं ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनचं यंत्र) रीडिंग. सुरुवातीला घातलेल्या धातूतून उरलेला वजा केला की अधिशोषण, म्हणजे मातीच्या कणांनी पृष्ठभागावर धरलेला धातू, मिळालं. तीन महिन्यांत आलेख तयार झाले. मीठ वाढलं की कॅडमिअमचं अधिशोषण घटतं, हे चित्र इतकं सुबक होतं की मी खूश होते.

गाइडनी आलेख पाहून एकच विचारलं, "शेवटचा पीएच किती होता?"

मी सुरुवातीचा मोजला होता. शेवटचा नाही.

पुन्हा मोजला, तेव्हा मीठ जास्त असलेल्या नळ्यांत पीएच घसरलेला निघाला. सोडियम मातीच्या कणांवरून हायड्रोजन आणि ॲल्युमिनिअमला हुसकावतो, ते द्रावणात उतरतात आणि द्रावण आम्लधर्मी होतं. धातूंचं अधिशोषण पीएचच्या एकदोन एककांत झपाट्याने चढतं-उतरतं, त्यामुळे अर्ध्या एककाची घसरणही निकाल फिरवायला पुरते. मी क्षारतेचा परिणाम म्हणून जे मांडत होते, त्यात पीएचचा वाटा किती, हे मलाच सांगता येत नव्हतं.

या विषयात येणाऱ्यांना म्हणून आधी हेच सांगते, की 'क्षारता' हा एक घटक नाही. मीठ घातलं की निदान तीन गोष्टी एकदम घडतात. पीएच हलतो. सोडियम किंवा कॅल्शिअम जागेसाठी धातूशी स्पर्धा करतो, आणि त्यात दोन प्रभार असलेला कॅल्शिअम सोडियमपेक्षा बराच वरचढ ठरतो. तिसरी गोष्ट क्लोराइडची. तो कॅडमिअमला द्रावणातच धरून ठेवतो. दोघांच्या पहिल्या संयुगाचा स्थिरांक (बंध किती घट्ट, ते सांगणारा आकडा) शंभराच्या आसपास आहे, म्हणून ०.१ मोलर क्लोराइडमध्येच मुक्त कॅडमिअम अल्पमतात जातो, आणि समुद्राच्या पाण्यात तर बहुतेक सगळा कॅडमिअम क्लोराइडशी बांधलेला असतो. अशी संयुगं मातीकडे फारशी ओढली जात नाहीत. तांबं आणि जस्त क्लोराइडशी इतकी दोस्ती करत नाहीत. पारा मात्र कॅडमिअमच्याही कितीतरी पुढे आहे.

हे तिन्ही वेगळं करायला मी नंतर तीन मालिका लावल्या: सोडियम नायट्रेट, सोडियम क्लोराइड आणि कॅल्शिअम नायट्रेट. पीएच सगळीकडे सारखा ठेवला. पहिल्या दोहोंतला फरक क्लोराइडचा, पहिल्या आणि तिसऱ्यातला कॅल्शिअमचा. इथे सारखी ठेवायची ती आयनिक स्ट्रेंग्थ (आयनांचं प्रमाण आणि त्यांचे प्रभार मिळून येणारं माप), मोलॅरिटी (लिटरमागे किती मोल मीठ) नाही. ०.१ मोलर कॅल्शिअम नायट्रेटची आयनिक स्ट्रेंग्थ ०.३ भरते, आणि ही चूक मी होताहोता वाचले. पीएच धरून ठेवायला सायट्रेट किंवा फॉस्फेट बफर वापरू नका. एक धातूला स्वतःच बांधतो, दुसरा त्याचा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, खाली बसवतो. अनेक प्रमाणित पद्धतींत ०.०१ मोलर कॅल्शिअम क्लोराइड वापरतात, पण आपला प्रश्नच कॅल्शिअम आणि क्लोराइडचा असेल, तर तो पार्श्वभूमीला ठेवून कसं चालेल?

आता मातीकडे. नवखे 'चिकण माती जास्त धरते' एवढ्यावर थांबतात, पण चिकण माती कोणत्या खनिजाची, हे आधी विचारायला हवं. केओलिनाइटची कॅटायन विनिमय क्षमता (धन प्रभाराचे आयन धरून अदलाबदल करण्याची ताकद) किलोला साधारण ३ ते १५ सेंटिमोल, मॉंटमोरिलोनाइटची ८० ते १२०. सेंद्रिय पदार्थ तर याच्याही पुढे जातात. धातू कुठे बसतो, तेही महत्त्वाचं. कॅडमिअम बऱ्याच अंशी विनिमयाच्या जागांवर सैल बसतो, म्हणून मिठाने सहज हलतो. शिसं लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांना आणि सेंद्रिय पदार्थांना घट्ट चिकटतं, त्याला मीठ तितकं हलवत नाही. आणि माती चुनखडीयुक्त असेल, तर शिशाचा कार्बोनेट होऊन साका बसतो. द्रावणातून धातू कमी झाला म्हणजे अधिशोषणच झालं, असं नव्हे. संशय आला की संगणकावर स्पेसिएशनचं, म्हणजे धातू द्रावणात कोणकोणत्या रूपांत आहे याचं, गणित करून बघा. त्यासाठी विनामूल्य प्रोग्रॅम मिळतात.

धातू परत किती सुटतो हे बघताना मला आणखी एक ठेच लागली. सोडियमने भरलेली चिकण माती डिस्टिल्ड पाण्याने धुतली आणि नळी दुधाळ झाली. चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीत होतं तेच, कण विखुरले. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही बारीक कण गेले आणि त्यांच्यावर बसलेला धातू 'सुटलेला' म्हणून मोजला गेला. ते आकडे मी फेकून दिले.

बाकी लॅबमधल्या गोष्टी थोडक्यात. काचेऐवजी पॉलिप्रोपिलीनच्या नळ्या घ्या आणि दहा टक्के नायट्रिक आम्लात भिजवून धुवा. माती नसलेला ब्लँक प्रत्येक क्षारतेला वेगळा लावा, म्हणजे नळीच्या भिंतीने काय गिळलं ते कळतं. एएएसचे स्टँडर्ड (तुलनेसाठीची माहीत प्रमाणाची द्रावणं) त्याच मिठाच्या द्रावणात बनवा, नाहीतर मीठच रीडिंग बिघडवतं. आणि लँगम्युअरचं समीकरण (द्रावणात उरलेला आणि मातीने धरलेला धातू यांचं नातं) सरळ रेषेत बसवून मिळालेल्या ०.९९ च्या आर-स्क्वेअरला (रेषा किती जुळते त्याचं माप) भुलू नका. त्या मांडणीत उरलेली संहती (द्रावणातलं धातूचं प्रमाण) दोन्ही अक्षांवर येते, त्यामुळे रेषा आपोआप छान दिसते. मूळ वक्रावरच बसवा.

संहती ठरवतानाही घाई नको. मी तिन्ही मातींना एकच संहती दिली होती. चिकण मातीत उरलेला धातू यंत्राच्या मर्यादेखाली गेला, आणि रेताड मातीत सुरुवात आणि शेवट यांतला फरक रीडिंगच्या चुकीएवढाच निघाला. आता मी आधी प्रत्येक मातीची छोटी चाचणी घेते, आणि वहीतला पहिला रकाना शेवटच्या पीएचचा आखते.