न्यायालयात ठशांचा अभिप्राय कोणत्या शब्दांत द्यावा

हिंगणघाट किंवा दारव्ह्याच्या न्यायालयात घरफोडीचा खटला उभा राहतो, तेव्हा कपाटावरचा एक चान्स प्रिंट (घटनास्थळी नकळत उमटलेला बोटाचा ठसा) आणि त्याविषयी अंगुली मुद्रा तज्ज्ञाने उच्चारलेले एक वाक्य एखाद्या मजुराला तुरुंगात पाठवू शकते. म्हणून ते वाक्य पिंजऱ्यात सुचेल तसे बोलू नये, अहवाल लिहितानाच ठरवून ठेवावे.

कायद्याच्या दृष्टीने तज्ज्ञ मत देतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली हे मत ग्राह्य ठरते आणि कलम ४५ खाली त्या मताची कारणेही. ‘ठसा जुळला’ एवढ्यावर थांबू नये. ठसा किती स्पष्ट होता, रेषांची कोणती वैशिष्ट्ये तुलनेला घेतली, फरक दिसले असल्यास ते कशामुळे आणि दुसऱ्या तज्ज्ञाने स्वतंत्र पडताळणी केली का, हे सांगावे.

सरतपासात, म्हणजे साक्षीला बोलावणाऱ्या पक्षाच्या वकिलाच्या प्रश्नांत, ‘शंभर टक्के खात्री आहे ना?’ असा प्रश्न आला, तर ‘हो’ म्हणण्याचा मोह आवरावा. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांच्या तपासात एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी एक ठसा अमेरिकेतील एका वकिलाचाच असल्याचे ठामपणे सांगितले होते. स्पॅनिश पोलिसांना तो दुसऱ्याचा असल्याचे आढळले. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने आपल्या तज्ज्ञांसाठी जी भाषा ठरवली, तीत ‘जगात दुसऱ्या कोणाचाही असू शकत नाही’ किंवा ‘ही पद्धत चुकतच नाही’ असे म्हणण्यास मनाई आहे. आपल्याकडेही हाच संयम हवा. ‘दोन्ही ठशांतील जुळणी पाहता ते एकाच बोटाचे आहेत, असे माझे मत आहे, बोटे वेगळी असती, तर एवढी जुळणी दिसण्याची मला अपेक्षा नाही,’ असे म्हणावे.

निंदण आणि वेचणी करणाऱ्या, पऱ्हाटी उपटणाऱ्या हातांवरील रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे पुष्कळदा निष्कर्ष निघत नाही. अशा वेळी ‘अनिर्णित’ असेच स्पष्ट लिहावे. ‘बहुधा त्याचाच’ असा झुकता शब्द वापरू नये आणि अनिर्णित म्हणजे ‘त्याचा नाही’ असेही भासवू नये.

ठसा कधी उमटला, हे सहसा ठशावरून सांगता येत नाही. आरोपी त्याच घरी सालगडी असेल, तर ही मर्यादा कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगावी.

साक्ष नोंदवून झाल्यावर ती वाचून पाहावी आणि ‘माझे मत आहे’ याऐवजी ‘सिद्ध झाले’ असे टंकलिखित झाले असेल, तर स्वाक्षरीपूर्वी दुरुस्तीची विनंती करावी.