हॉट्सचा प्रश्न फळ्यावर सोडवून दिला की संपला

हॉट्स (Higher Order Thinking Skills) म्हणजे पाठांतरापलीकडचा विचार मागणारे प्रश्न. स्मरणापासून वरच्या विचारापर्यंत नेणाऱ्या ब्लूमच्या पायऱ्या बी.एड.ला सगळ्यांनीच केल्यात, 1956 च्या आणि 2001 च्या सुधारितही. त्यात जात नाही. मी जिथे फसलो तेवढंच सांगतो.

पहिल्याच वर्षी दहावीला प्रश्न घातला: दोन अंकी संख्या आणि तिचे अंक उलटवून येणारी संख्या यांची बेरीज 11 ने भागली जाते, हे दाखवा. वर्ग गप्प. दोन मिनिटांत मीच खडू उचलला: (10क्ष + य) + (10य + क्ष) = 11(क्ष + य). मुलांनी उतरवून घेतलं. चाचणीत तोच दिला, बहुतेकांना पैकीच्या पैकी. मी खूश होतो.

सहामाहीत 'बेरीज'च्या जागी 'वजाबाकी' केली. एका मुलीची मांडणी बरोबर, कंस सोडवताना चिन्हं बरोबर, 9क्ष − 9य पर्यंत व्यवस्थित आलेली. पुढची ओळ: 11(क्ष − य). तो 11 माझ्या फळ्यावरचा होता. स्वतःच्या हातच्या 9 पेक्षा तिचा माझ्यावर जास्त विश्वास होता. तो पेपर आजही डोळ्यांसमोर आहे.

म्हणून बजावून सांगतो, प्रश्न जन्मतः हॉट्स नसतो. मुलाला रीत माहीत नसते तोवरच तो हॉट्स. रीत दिली की उरतं स्मरण. मोठे आकडे घातले तर फक्त आकडेमोड वाढते. उत्तरांसकट मिळणारे हॉट्सचे संच तर मी वर्गात नेतच नाही. एक ज्येष्ठ सहकारी म्हणायचे, "प्रश्नांचे ठरावीक टाइप घोटून घ्या, मार्क पडतात." पडतात. पण बोर्डाच्या 40 गुणांच्या पेपरात चौथ्या-पाचव्या प्रश्नाचे 11 गुण टाइपवर सुटत नाहीत.

घाबरू मात्र नका. नवे प्रश्न शोधत बसावं लागत नाही, जुन्यालाच एक धक्का पुरतो. आता मी बेरजेचा प्रश्न झाला की विचारतो, "तीन अंकी संख्येला हे चालेल? नेहमी, कधीकधी, की कधीच नाही?" आणि खडू खाली ठेवतो. ती शांतता पहिल्यांदा फार जड जाते, पोर्शन डोक्यावर असतो. तरी थांबा. कुणीतरी 123 + 321 = 444 करतं, भागून बघतं, जात नाही. मग 209 + 902 = 1111 निघतं, ते जातं, आणि वाद सुरू होतो.

यंदा मागच्या बाकावरचा मुलगा न विचारता चार अंकींवर गेला. 1234 + 4321 = 5555. "सर, हे जातंय. का जातंय?" मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो अक्षरांत बेरीज मांडल्यावर येणाऱ्या 1001 आणि 110 चे अवयव पाडून घेऊन आला. दोन्हींत 11 होता.