एक्स्टसी घेतलेल्या मित्राला कसं सांभाळायचं

गोव्याच्या पार्टीत मित्राने एक्स्टसी म्हणजे एमडीएमए हे नशेचं ड्रग घेतलंय आणि तो अचानक गळ्यात पडून "तू माझा सख्खा भाऊ आहेस यार" म्हणायला लागला तर आधी हे समजून घ्या की तो नाटक करत नाहीये, मेंदूत मूडशी संबंधित सेरोटोनिन हे रसायन भरमसाट सुटतं, आपुलकीशी जोडलेलं ऑक्सिटोसिन हे हार्मोनही वाढतं, त्यामुळे जवळीक खरीच वाटते. (मुंबईत ज्याला एमडी म्हणतात ते मेफेड्रोन, वेगळी चीज आहे.)

पण गोची अशी की समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती, नाराजी त्याला नीट ओळखता येत नाही, आनंदात सामील होतो पण एखादी मुलगी अवघडून मागे सरकतेय हे दिसतच नाही. तिथे तुम्ही मध्ये पडा, हात धरून शांतपणे बाजूला घ्या, भांडू नका. त्या रात्री पैशाचं वचन, एक्स-गर्लफ्रेंडला फोन, सेक्सला होकार, काहीच पक्कं धरायचं नाही, आणि त्याच्या मोकळेपणाचा फायदा घेऊन गुपितं तर अजिबात काढायची नाहीत.

नाचातून मधेमधे बाहेर आणा, पाणी घोट घोट द्या, बाटल्यावर बाटल्या नको, रक्तातलं सोडियम उतरतं आणि जीवावर बेततं. अंग तापलं, बरळायला लागला, फिट आली तर लगेच 108, आणि काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा.

पुढचे दोन-तीन दिवस तो उदास, चिडचिडा असू शकतो, तेव्हा फोन करत राहा.